फिरता एसी की बसवलेला? खरेदीपूर्वी खिडकी पाहा

कबनूर : मार्च उलटला की इचलकरंजी-कबनूर परिसरातील स्लॅबच्या आणि पत्र्याच्या घरांत उकाडा असह्य होतो. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला तर झोप घ्यायची असते ती भर दुपारी. त्यामुळे वातानुकूलन यंत्र आता केवळ बंगल्यांपुरते राहिलेले नाही. घर भाड्याचे असेल, तर भिंतीला भोक पाडू देण्यास घरमालक सहसा राजी नसतो आणि मग नजर वळते ती चाकांवर फिरणाऱ्या 'पोर्टेबल' एसीकडे.

एसीचे काम खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकण्याचे. स्प्लिट एसीत हे काम करणारा कॉम्प्रेसर घराबाहेर असतो. फिरत्या एसीत तो खोलीतच घरघरतो आणि गरम हवा जाड नळीवाटे खिडकीबाहेर जाते. एकच नळी असलेले यंत्र ही हवा खोलीतूनच ओढते. तिची जागा भरण्यासाठी दाराच्या आणि छपराच्या फटींतून बाहेरची तापलेली हवा आत शिरते. साहजिकच एक टनाचे यंत्र एक टनाचा गारवा देत नाही. (टन हे यंत्राचे वजन नव्हे, एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट शीतनक्षमता.)

दुसरी अडचण अगदी आपल्याकडची आहे. या यंत्रांसोबत मिळणारी खिडकीची पट्टी सरकत्या काचांसाठी असते. बाहेर उघडणारी झडप आणि लोखंडी गज असलेल्या खिडकीतून ती जाड नळी जाणार कोठून?

भाडेकरूंसाठी मधला मार्ग खिडकी एसीचा. गज काढून चौकट बसवावी लागते, पण घर बदलताना यंत्र सोबत नेता येते. शिवाय त्याच क्षमतेचा फिरता एसी अनेकदा अधिक महाग पडतो. खिडकी सरकती असेल आणि तिच्यात काहीही बसवू देण्यास मालक तयारच नसेल, तरच फिरत्या एसीचा विचार करावा.

वीजबिलाचे गणितही मांडून पाहावे. साधा एक टनाचा एसी ताशी साधारण एक युनिट घेतो. रोज आठ तास म्हणजे महिन्याला सुमारे २४० युनिट. आधीच ८० युनिट वापरणारे घर त्यामुळे महावितरणच्या ३०० युनिटांच्या टप्प्यापलीकडे जाते आणि वरच्या युनिटांना चढा दर लागतो. इन्व्हर्टर यंत्र खोली गार होताच वेग कमी करते, म्हणून त्याचा वापर कमी. ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे; वाचलेली रक्कम जास्त ताऱ्यांच्या यंत्रावर खर्च करणे शहाणपणाचे.

एसी कोणताही असो, त्याला स्वतंत्र वायर, एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. बाहेरचा भाग मागाच्या शेडच्या तोंडाशी बसवू नये. सुताचे तंतू जाळीवर साचतात आणि यंत्र गुदमरते. आतला फिल्टर या भागात दर पंधरवड्याला धुवावा.

स्प्लिटसाठी लागणारे भोक अवघे अडीच-तीन इंचांचे असते. घर सोडताना ते बुजवून देण्याची लेखी हमी दिल्यास काही घरमालक तयार होतात. फिरत्या एसीसाठी पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारून पाहावे.