लहान शहरांना स्वतःचं रेडिओ केंद्र कसं मिळालं?

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं आणि भारतात नियमित रेडिओ प्रसारणाला सुरुवात झाली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात अवघी सहा केंद्रं होती: दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, लखनऊ आणि तिरुचिरापल्ली. पुढे केंद्रांची संख्या वाढली, पण एकेक केंद्र अनेक जिल्ह्यांसाठी असायचं. लहान शहरातले लोक रेडिओ ऐकत होते, पण त्यांच्या गावाचा आवाज रेडिओवर क्वचितच यायचा.

आकाशवाणीची स्थानिक केंद्रं

३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतल्या नागरकोइल इथे आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं. राष्ट्रीय आणि प्रादेशिक प्रसारणाच्या जोडीला हा तिसरा स्तर होता. एका जिल्ह्यापुरतं प्रसारण, स्थानिक बोली आणि स्थानिक कलाकार ही त्यामागची कल्पना. नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातही बीड, धुळे, सातारा, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा ठिकाणी स्थानिक केंद्रं उभी राहिली. केंद्र गावात आलं, तरी मालकी सरकारचीच होती.

ध्वनिलहरी कोणाच्या?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या एका खटल्यात निकाल दिला: ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरीही सामान्य लोकांच्या संस्थांना परवाना मिळायला बरीच वर्षं लागली. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडलं ते नोव्हेंबर २००६ मध्ये.

या विलंबाचं ठळक उदाहरण म्हणजे सध्याच्या तेलंगणातलं 'संघम रेडिओ'. झहीराबाद परिसरातल्या दलित महिलांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कार्यक्रम बनवायला सुरुवात केली होती. परवाना नसल्यामुळे ध्वनिमुद्रित कॅसेट बचतगटांच्या बैठकीत ऐकवल्या जायच्या. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा आवाज हवेत गेला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवड इथे 'माणदेशी तरंग' हे केंद्र ९०.४ एफएमवर सुरू झालं.

सामुदायिक रेडिओचे नियम

• प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅट. त्यामुळे आवाज साधारण १० ते १५ किलोमीटरपर्यंत पोहोचतो.
• किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून बनलेले हवेत.
• केंद्र नफ्यासाठी चालवता येत नाही. जाहिरातींच्या वेळेवरही मर्यादा असते.

बातम्यांची अडचण

खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ, दोघांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा ऐकवता येतात. हवामान, वीज-पाणीपुरवठ्याच्या सूचना, परीक्षा आणि नोकरीची माहिती बातमी धरली जात नाही, म्हणून ती देता येते. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही हे केंद्र सांगू शकतं, पण ते का येणार नाही याची बातमी करू शकत नाही. वर्तमानपत्रं आणि टीव्ही वाहिन्यांवर अशी बंदी नाही. लहान शहरांच्या रेडिओला जागा मिळाली, पण गावाबद्दल सगळं बोलण्याची मोकळीक मिळायची आहे.