अनात्मवाद, पुद्गलवाद आणि मावळातील लेणी

प्रास्ताविक

मनुष्याच्या ठिकाणी देहाहून वेगळे असे काही शाश्वत तत्त्व आहे काय, हा भारतीय तत्त्वचिंतनातील अत्यंत जुना प्रश्न होय. उपनिषदांनी आत्म्याचे नित्यत्व प्रतिपादिले, सांख्यांनी प्रकृतीहून भिन्न असा पुरुष मानला, तर चार्वाकांनी देहापलीकडील आत्मा नाकारला. भगवान बुद्धांनी शाश्वतवाद व उच्छेदवाद ही दोन्ही टोके वर्ज्य मानून अनात्मवादाचा उपदेश केला. या वादाची चर्चा प्रायः ग्रंथांच्या आधारे होते. तथापि पुणे जिल्ह्यातील मावळ भागात तिचे काही धागेदोरे दगडावर कोरलेले आढळतात. कामशेतच्या दक्षिणेस पवन मावळाच्या वाटेवर बेडसे, तर पश्चिमेस लोणावळ्याच्या दिशेने कार्ले व भाजे ही लेणी आहेत. बोरघाटातून कोकणात उतरणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गालगत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून ती खोदली गेली. तेथील शिलालेखांच्या आधारे आत्मविषयक वादाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

अनात्मवाद आणि त्यातील पेच

बौद्ध मतानुसार ज्यास आपण ‘मी’ म्हणतो तो रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांचा समुदाय होय. हे पाचही क्षणोक्षणी पालटत असतात आणि त्यांच्या मागे न पालटणारा असा कोणी धनी नसतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंद यास रथाचा दृष्टांत देतो. चाके, आस, जू हे भाग वेगळे काढले असता रथ म्हणून काही उरत नाही. त्याचप्रमाणे ‘नागसेन’ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे.

या मतातून एक पेच निर्माण होतो. बौद्ध धर्म कर्मफल व पुनर्जन्मही मानतो. आत्मा नसेल तर आज केलेल्या कर्माचे फळ उद्या भोगणारा कोण? करणारा एक व भोगणारा दुसरा असे झाले, तर नीतीचा पायाच डळमळीत होईल. एका ज्योतीवरून दुसरी ज्योत पेटते, त्या वेळी कोणतीही वस्तू पहिलीतून दुसरीत जात नाही, तरी दोहोंचा संबंध तुटत नाही, असे उत्तर नागसेनाने दिले. परंतु हे उत्तर सर्व बौद्धांना पुरेसे वाटले नाही.

वात्सीपुत्रीय संप्रदायाने ‘पुद्गल’ ही कल्पना पुढे मांडली. पुद्गल म्हणजे व्यक्ती. ही व्यक्ती स्कंधांहून भिन्नही नाही व स्कंधांशी एकरूपही नाही. अग्नी इंधनावाचून राहत नाही, परंतु अग्नी म्हणजे इंधन नव्हे, तसे पुद्गल व स्कंध यांचे नाते होय. कर्माचा भार वाहणारा व मुक्त होणारा तो हाच, असे त्यांचे म्हणणे होते. इतर संप्रदायांना यात मागील दाराने आत्मा परत आल्यासारखे वाटले. ‘कथावत्थु’ या पाली ग्रंथाची सुरुवातच पुद्गलवादाच्या खंडनाने होते. पुढे वसुबंधूनेही ‘अभिधर्मकोशा’च्या अखेरच्या प्रकरणात त्याचे सविस्तर खंडन केले.

शिलालेखांची साक्ष

कार्ले येथील चैत्यगृह हे भारतातील सर्वांत मोठे शैलोत्कीर्ण चैत्यगृह असून त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे. त्याच्या स्तंभांवर वैजयंती, सोपारा, धेनुकाकट अशा गावांचे दाते, तसेच अनेक यवन दाते यांची नावे आढळतात. त्यांतील सोपाऱ्याच्या सातिमित नामक भाणकाचा लेख विशेष महत्त्वाचा आहे. भाणक म्हणजे धर्मग्रंथांचे पठण करणारा भिक्षू. सातिमिताने दिलेला स्तंभ ‘सशरीर’ म्हणजे पवित्र अवशेषांसहित होता, आणि तो स्वतः धम्मुत्तरीय संप्रदायाचा होता. बौद्ध परंपरा या संप्रदायाची गणना वात्सीपुत्रीयांच्या शाखांत करते. म्हणजे व्यक्तीचे अस्तित्व मानणाऱ्या परंपरेतील एक पाठक या चैत्यगृहाच्या दात्यांत होता.

हे उदाहरण एकटे नाही. जुन्नरच्या एका लेखात धम्मुत्तरीयांच्या भिक्षुणी-विहाराचा उल्लेख येतो. नाशिक येथे गौतमी बलश्रीने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी दिलेले लेणे भद्रायणीयांना मिळाले, आणि तीही वात्सीपुत्रीयांचीच शाखा होय. यावरून पश्चिम महाराष्ट्रात पुद्गलवादी परंपरेस चांगला आश्रय होता असे दिसते.

दुसरीकडे कार्ले येथेच पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षातील लेखात हरफरण या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांना दिल्याची नोंद आहे. हा संप्रदाय वात्सीपुत्रीयांहून वेगळ्या परंपरेतील होता. तत्त्वज्ञानात मतभेद असलेल्या संप्रदायांची नावे अशा प्रकारे एकाच डोंगरावर नोंदली गेली. हे दान आईवडिलांच्या पूजेसाठी व सर्व प्राण्यांच्या हितसुखासाठी असल्याचेही लेखात म्हटले आहे. माझ्या दानाचे पुण्य दुसऱ्यास पोचावे ही भावना मूळ पेचाला अधिकच तीव्र करते, कारण पुण्य ज्याला पोचवायचे तो ‘कोणी तरी’ असावा लागतो.

मृत भिक्षूंविषयीचा आदर हीच गोष्ट दर्शवितो. भाजे येथे १४ स्तूपांचा समूह असून त्यांपैकी काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशा स्थविरांची नावे कोरलेली आहेत. बेडसे येथे अरण्यवासी व भिक्षान्नावर राहणाऱ्या गोभूतीचा स्तूप त्याचा शिष्य असाळमित याने करविला. ‘मी’ व ‘माझे’ यांचा त्याग करणाऱ्या साधूचे नाव शिष्याने दगडात राखून ठेवले. शिलालेख हे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ नव्हेत, त्यामुळे या आचरणातून आत्मवाद सिद्ध होत नाही. परंतु सिद्धांताने व्यक्तीस नाममात्र ठरविले तरी कृतज्ञता तिला नावानेच ओळखते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आधुनिक काळातील पुनर्विचार

हा पेच प्राचीन काळीच संपला नाही. कामशेतवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच पुण्याच्या बाजूस देहूरोड आहे. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात, आत्मा नसेल तर कर्म व पुनर्जन्म कसे संभवतील, हा प्रश्न बौद्ध धर्मापुढील मोजक्या मूलभूत प्रश्नांत गणला आहे. त्यांनी पुद्गलाचा मार्ग स्वीकारला नाही. देह ज्या भौतिक घटकांचा बनतो ते मृत्यूनंतर आपापल्या समूहात मिसळतात, आणि पुनर्जन्म असलाच तर तो घटकांचा, आत्म्याचा नव्हे, असे त्यांनी मांडले. मागील जन्माच्या कर्मावर या जन्मातील हीनत्व लादणाऱ्या विचारास यामुळे आधार उरत नाही. आत्म्याचा प्रश्न सामाजिक न्यायाशी कसा जोडलेला आहे, हे येथे स्पष्ट होते.

उपसंहार

मावळातील लेण्यांकडे एकाच अनात्मवादी मताचे स्मारक म्हणून पाहणे अपुरे ठरते. आत्मा नाकारूनही व्यक्तीची जबाबदारी कशी राखावी, या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देणारे संप्रदाय येथे आश्रयास होते, आणि दात्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे त्यांना दान दिले. मतभेद असूनही संघाचे व समाजाचे व्यवहार अडले नाहीत. आत्मा आहे की नाही याचा निर्णय हे लेख देत नाहीत. मात्र केलेल्या कर्माची जबाबदारी आणि दुसऱ्याच्या हिताची इच्छा, या दोन गोष्टी कोणत्याही उत्तरात टिकल्या पाहिजेत, याची जाणीव ते निश्चितपणे करून देतात.