परतीची धाव

माझं घर पाचोडला, सोलापूर-धुळे महामार्गालगत. मोसंबीच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत ट्रक जात असतात. त्यांच्या घरघरीतून मधूनच एखादी मोटारसायकल किंचाळत जाते. एका सकाळी गल्लीतला एक पोरगा मोठ्या फुशारकीनं म्हणाला, "चाचा, काल रात्री एकशेवीस काढले!" मी विचारलं, "जाताना की येताना?" तो हसला. चाचा थट्टा करताहेत, असं त्याला वाटलं. पण हा प्रश्न माझा नव्हता. मोटारींच्या वेगाचे जागतिक विक्रम नोंदवणारी माणसं शंभराहून अधिक वर्षं हाच प्रश्न विचारत आली आहेत.

नियम असा, की मोजून ठेवलेल्या एका मैलावरून किंवा किलोमीटरवरून गाडीनं एकदा जायचं आणि तासाभराच्या आत उलट दिशेनं त्याच अंतरावरून परत यायचं. दोन्ही धावांची सरासरी काढतात. विक्रम तोच. कारण सरळ आहे. जाताना वारा पाठीशी असेल, जमिनीला किंचित उतार असेल. परतताना तोच वारा छातीवर येतो, उताराचा चढ होतो. दोन्हींचा हिशेब झाला की उरतो तो गाडीचा खरा वेग.

आपल्या मोटारसायकलीत, जीपमध्ये, ट्रॅक्टरमध्ये असतं तेच पिस्टनचं इंजिन या गाड्यांत असे, फक्त कितीतरी मोठं. पुष्कळदा ते विमानातून काढलेलं असे. पुढं जेटच्या मोटारी आल्या. त्या हवा मागं फेकून पुढं जातात, त्यांची चाकं नुसती गडगडतात. पिस्टनच्या गाडीचं बळ मात्र चाकांतूनच जमिनीत उतरावं लागतं. चाक घसरलं की सगळं बळ वाया. म्हणून ही मंडळी सपाट, मोकळी जमीन शोधत समुद्रकाठच्या पुळणीवर आणि मिठाच्या कोरड्या सरोवरांवर गेली.

वेल्समधल्या पेंडाइनच्या पुळणीवर १९२६ साली पॅरी-थॉमस यांनी ताशी १७१ मैलांचा विक्रम केला. त्यांच्या गाडीचं नाव 'बॅब्ज'. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेल यांनी तो मोडला. तो परत मिळवायला थॉमस ३ मार्च १९२७ रोजी त्याच वाळूवर उतरले. भरवेगात गाडी उलटली आणि ते जागीच गेले. गाडी तिथंच वाळूत पुरली. १९६९ साली ती उकरून काढली आणि पुढं दुरुस्त करून चालती केली. लोखंड परत आलं, माणूस आला नाही.

कॅम्पबेल यांनी १९३५ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ३०१ मैल, म्हणजे ताशी ४८४ किलोमीटर गाठले. तिथंच १९४७ साली जॉन कॉब यांची गाडी एका धावेत चारशे मैलांच्या पुढं गेली. पण दुसरी धाव कमी पडली, म्हणून वहीत आकडा चढला तो ३९४.

आता मिकी थॉम्पसन यांचं पाहा. या अमेरिकन माणसानं चार मोटारींची चार इंजिनं एका गाडीत बसवली. सप्टेंबर १९६० मध्ये बॉनव्हिलला जाताना त्यांचा वेग भरला ४०६ मैल. कॉब यांच्या विक्रमाच्या कितीतरी पुढं! पण परतीच्या धावेत चाकांकडं बळ नेणारा दांडा तुटला. विक्रम गेला. १९६५ साली समर्स नावाच्या दोन भावांनी चार इंजिनांच्या 'गोल्डनरॉड' गाडीनं दोन्ही धावा पुऱ्या केल्या आणि ४०९ मैलांची नोंद झाली.

थॉम्पसन यांनी १९६८ साली दुसरी गाडी बांधली. ती धावायला तयार झाली, तेव्हा पावसानं मिठागर भिजलं. गाडी पडून राहिली. १९८८ साली थॉम्पसन आणि त्यांच्या पत्नीचा खून झाला. पुढं त्यांचा मुलगा डॅनी यानं ती जुनी गाडी नव्यानं उभी केली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बॉनव्हिलला नेली. तिथल्या मेळाव्याचा नियम थोडा वेगळा आहे, आज एक धाव आणि उद्या सकाळी दुसरी. डॅनीनं दोन्ही पुऱ्या केल्या. सरासरी आली जवळजवळ ४४९ मैल. २०२० साली जॉर्ज पोटीट यांच्या गाडीनं ४७० मैल गाठून तोही आकडा मागं टाकला. पण बापाची अर्धी राहिलेली धाव लेकानं पन्नास वर्षांनी पुरी केली, हे मला आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

आपल्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मोटारींची जी जुनी गाजलेली परीक्षा झाली, तीही नुसत्या वेगाची नव्हती. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉईस घाट चढत-उतरत ६२० मैल चालली. तिचं कौतुक झालं ते वाटेत कुठंही बंद पडली नाही म्हणून. पुढं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

आमच्या महामार्गावर कुणी घड्याळ लावून बसलेलं नाही. पण या रस्त्यानं आमच्या गल्लीतलं एक लेकरू नेलं आहे. त्या रात्री त्याच्या गाडीचा काटा कितीवर होता, हे कुणीही विचारलं नाही. त्याची अम्मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "आया क्या?"

एकशेवीसवाल्या पोराला मी ही सगळी हकिगत सांगितली. थॉम्पसनचं त्याला फार वाईट वाटलं. म्हणाला, "चाचा, चारशेसहा काढले तरी काहीच नाही?"

"नाही बेटा," मी म्हटलं. "गाडी परत आली नाही ना."