आचरेकर, रमाकांत विठ्ठल
(३ डिसेंबर १९३२ – २ जानेवारी २०१९). मुंबईतील क्रिकेट प्रशिक्षक. जन्म मालवणचा. भारतीय स्टेट बँकेत नोकरी. खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीचा एकच सामना, मोईन-उद-दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध. त्यांचे खरे कर्तृत्व दादरच्या शिवाजी पार्कवर, कामत मेमोरियल क्लबच्या जाळ्यांत आणि शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघांत घडले.

भाषणापेक्षा सामन्यातला सराव त्यांना मोलाचा वाटे. सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. सरावाच्या अखेरीस यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. बाद करणाऱ्याला ते मिळे, नाबाद राहिल्यास सचिनला. कौतुक मात्र ते, शिष्य हुरळून जाऊ नयेत म्हणून, जपून करत. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड स्पर्धेत तेंडुलकर (नाबाद ३२६) व विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, अजित आगरकर हेही त्यांचेच शिष्य. द्रोणाचार्य पुरस्कार १९९०, पद्मश्री २०१०.