टीप १२ : जावाडॉक

१२. जावाडॉक : सन मायक्रोसिस्टिम्सने १९९६ साली जावा भाषेबरोबर दिलेले साधन. साधी कॉमेंट तिरकी रेघ आणि एका ताऱ्याने सुरू होते. आणखी एक तारा जोडला (/**) की ती जावाडॉकसाठी असते. कंपायलर तिच्याकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे प्रोग्रॅमच्या वागण्यात फरक पडत नाही. आत @ चिन्हाने सुरू होणाऱ्या ठरावीक खुणा असतात : ‘पॅरम’ म्हणजे मेथडला काय द्यायचे, ‘रिटर्न’ म्हणजे काय परत मिळेल, ‘थ्रोज’ म्हणजे कोणती एक्सेप्शन येऊ शकते. त्यांवरून एचटीएमएल पाने तयार होतात. माहिती कोडला लागूनच असल्यामुळे कोड बदलणाऱ्याने तीही त्याच वेळी बदलली पाहिजे. जुनी राहिलेली कॉमेंट वाचणाऱ्याची दिशाभूल करते. – संपादक