पालिका कारभारातील एकल वापर प्लास्टिक : पाचगणी

नगरपरिषद, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्या कचेरीत, सभांत, समारंभांत आणि ठेक्याने करून घेतलेल्या कामांत एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तू, तसेच त्यांचा वापर थांबवण्यासाठी त्या संस्थेने स्वतःवर घालून घ्यायचे नियम, हा या नोंदीचा विषय आहे. पाण्याच्या छोट्या बाटल्या, चहाचे कप, नाश्त्याच्या डिश, पुष्पगुच्छांवरचे पारदर्शक वेष्टन, फ्लेक्सचे फलक, मंचामागची थर्माकोलची अक्षरे या त्यातल्या नेहमीच्या वस्तू. शहरातल्या प्लास्टिकची चर्चा निघाली की ती नागरिकांच्या पिशव्यांवर आणि पर्यटकांच्या बाटल्यांवर जाते. पालिका त्या चर्चेत दंड करणारी आणि कचरा उचलणारी म्हणून येते. ती स्वतः मोठी गिऱ्हाईक आहे हे मागे पडते. पाचगणीसारख्या लहान गिरिस्थानात प्लास्टिकबंदीचा सर्वांत खात्रीने अमलात येऊ शकणारा भाग पालिकेच्या स्वतःच्या खरेदीत आहे आणि दंडाच्या पावतीपुस्तकाची पाळी त्यानंतर यायला हवी, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पाचगणी सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास. त्यात निवासी शाळांतली मुले आणि सुट्ट्यांच्या हंगामात येणारे पर्यटक यांची भर पडते. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. गावाच्या कड्याखाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय आहे. उघड्यावर पडलेली हलकी वस्तू इथे फार काळ जागेवर राहत नाही. वारा तिला कड्यापर्यंत नेतो आणि पावसाळ्यातले ओढे खाली उतरवतात. त्याच नदीच्या काठी पुढे वाई, कराड आणि सांगली आहेत. स्वच्छतेच्या बाबतीत या पट्ट्याचे नाव देशात मोठे आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली कराड, २०२१ साली सांगली जिल्ह्यातील विटा आणि २०२२ साली पाचगणी पहिले आले. पूर्वीच्या कचरा डेपोच्या जागी ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभा करून पाचगणीने कचऱ्याची जागाच पाहण्याजोगी केली. हे यश खरे आहे आणि ते घंटागाडी, वर्गीकरण व प्रक्रिया या साखळीवर उभे आहे. पण ही साखळी कचरा तयार झाल्यानंतर सुरू होते. पालिकेने विकत घेतलाच नाही असा कप तिच्या घंटागाडीला कधी उचलावा लागत नाही, आणि त्या अंगाने पाहिले तर अव्वल आलेल्या गावापुढेही काम शिल्लक आहे.

कायद्याची बाजू पुरेशी भक्कम आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी, २००६च्या अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियमाखाली, प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंचे उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी आणि साठवणूक यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. तीन महिन्यांच्या सवलतीनंतर २३ जूनपासून दंड सुरू झाला : पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार आणि तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये व तीन महिन्यांची कैद. ही अधिसूचना ज्यांना लागू आहे त्यांत दुकाने, मंगल कार्यालये आणि शाळा यांच्याबरोबर शासकीय संस्थाही स्पष्टपणे येतात. केंद्राच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतील २०२१च्या दुरुस्तीने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या डिश, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक देशभर बंद केले. त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप व डिशही बंदीत घेतले. म्हणजे पालिकेच्या चहापानात दिसणाऱ्या बहुतेक वस्तू कागदावर केव्हाच हद्दपार झाल्या आहेत. अडचण अशी की बंदी राबवणारी स्थानिक यंत्रणा पालिकाच असते. दुकानदाराकडे पालिकेचे पथक येते. पालिकेच्या सभागृहात मात्र तपासायला बाहेरचे कोणी येत नाही. ही उणीव दंडाने भरून निघत नाही, ती खरेदीच्या नियमांनीच भरून काढावी लागते.

पहिला आणि वजनदार आक्षेप प्रमाणाचा आहे. वर्षभरात पर्यटक जे टाकून जातात त्यापुढे सभेतल्या बाटल्या किती? वजनात पाहिले तर फारच थोड्या. पण हा आक्षेप घेताना एक गोष्ट नजरेआड होते : पर्यटकाची बाटली पालिकेच्या हाती पडते ती फेकल्यानंतर, तर स्वतःची बाटली विकत घेण्याआधीच तिच्या हाती असते. पहिल्या बाबतीत तिला हजारो अनोळखी माणसांचे वागणे बदलावे लागते. दुसऱ्या बाबतीत एका ठरावाने काम होते आणि त्याचा परिणाम साठा नोंदवहीत व देयकांत मोजताही येतो. शिवाय लहान गावात मंडपवाला, केटरर, छपाईवाला आणि फूलवाला हे थोडेच असतात आणि पालिकेचे काम करणारेच लोक शाळांचे, हॉटेलांचे व लग्नाचेही काम करतात. केटररने पालिकेच्या अटीमुळे स्टीलची भांडी आणि ती धुणारी माणसे ठेवली, की तीच सोय गावातल्या इतर कार्यक्रमांना मिळू लागते. ती नसते तेव्हा आयोजकाला बंदी पाळायची इच्छा असूनही पर्याय सापडत नाही. दंड केला म्हणून असा पर्याय तयार होत नाही. तो ठरलेल्या, खात्रीच्या मागणीतून तयार होतो, आणि तशी मागणी गावात पालिकेइतकी कोणाची नसते.

इतर ठिकाणचा अनुभव याला दुजोरा देतो. सिक्कीमने १९९८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घालून सुरुवात केली; २०१६ साली तिथल्या सरकारने स्वतःच्या कार्यालयांत व कार्यक्रमांत बाटलीबंद पाणी वापरणे थांबवले आणि राज्यभर थर्माकोलच्या डिश-कपांना मनाई केली. पुढे २०२२च्या आरंभापासून लहान बाटल्यांची विक्रीच बंद झाली. डोंगराळ मुलूख, पर्यटनावर चालणारी बाजारपेठ आणि कचरा टाकायला सपाट जागेची टंचाई, या तिन्ही बाबतींत सिक्कीमची स्थिती पाचगणीशी जुळते, आणि तिथे बाटलीचा नियम सरकारने आधी स्वतःला व मग बाजाराला लावला, हा क्रम महत्त्वाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत महापौरांनी २००७ साली शहराच्या पैशातून बाटलीबंद पाणी घेणे थांबवले. शहराच्या जागांवरील बाटल्यांच्या विक्रीचा नियम २०१४ साली, म्हणजे सात वर्षांनी आला. केरळात २०१५च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा हरित आचारसंहितेखाली पार पडल्या. ऑगस्ट २०१९मध्ये लोकसभा सचिवालयाने संसद परिसरात पाण्याच्या एकवापर बाटल्यांना मनाई केली. इतक्या वेगळ्या आकाराच्या संस्थांना जे जमले ते गिरिस्थान नगरपरिषदेला जमू नये, असे काही कारण दिसत नाही.

खरी गुंतागुंत देयकांत आहे. पालिका ‘प्लास्टिक’ म्हणून फारसे काही विकत घेत नाही. तिच्याकडे येते ते ‘चहापान व अल्पोपहार’, ‘मंडप व ध्वनिक्षेपक व्यवस्था’, ‘स्वागत साहित्य’ आणि ‘जाहिरात व प्रसिद्धी’ अशा नावांची एकत्रित देयके. त्या एका ओळीत बाटल्या किती, कप किती, फ्लेक्सचे चौरस फूट किती हे दिसत नाही आणि लेखा विभागाने ते विचारावे अशी पद्धतही नाही. भांडार विभागाने थर्माकोलची एकही डिश घेतली नाही, हे विधान त्यामुळे पूर्ण खरे असूनही नाश्ता थर्माकोलच्या डिशमधूनच दिलेला असू शकतो. यासाठी बंदीची अट सेवेच्या निविदेत हवी आणि देयकाबरोबर वस्तूनिहाय तपशील मागायला हवा. फ्लेक्सचे उदाहरण विशेष बोलके आहे. कायद्याने १०० मायक्रॉनखालचे फलक बंद केले, पण त्याहून जाड फ्लेक्स बाजारात राजरोस मिळतो आणि पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसी चढवलेले हे कापड वेगळे करून पुन्हा वापरणे जवळपास अशक्य असते. स्वच्छतेचा संदेशही त्यावरच छापला जातो. कापडी फलक किंवा रंगवलेली भिंत तोच संदेश अधिक काळ देते.

पर्याय निवडताना घाई केली तर एका कचऱ्याच्या जागी दुसरा येतो. कागदी कप हे त्याचे उत्तम उदाहरण. असा कप रात्रभर पाण्यात ठेवून बोटांनी चोळला की कागदाचा लगदा सुटतो आणि कपाच्याच आकाराची पातळ पारदर्शक पिशवी हातात उरते. चहा गळू नये म्हणून दिलेला तो प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की १०० मिलीलिटर गरम पेय अशा कपात पंधरा मिनिटे ठेवले तर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. भंगारवाला हा कप घेत नाही, कारण कागद आणि प्लास्टिक वेगळे करणे परवडत नाही. थर्माकोलला तर भावच नाही. त्यात बहुतांश हवा असल्याने गाडीभर माल नेऊनही वजन भरत नाही. २०२२च्या अखेरीस राज्याने प्रमाणित कंपोस्टेबल प्लास्टिकच्या डिश-कपांना सवलत दिली. पण हा माल कुजायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली टिकून राहणारी उष्णता लागते. घरामागच्या खड्ड्यात किंवा ओढ्यात तो बराच काळ प्लास्टिकसारखाच पडून राहतो. म्हणून पहिली पसंती धुऊन वापरायच्या स्टील-काचेच्या भांड्यांना, दुसरी पानांच्या पत्रावळी-द्रोणांना किंवा प्लास्टिकचा थर नसलेल्या उसाच्या चिपाडाच्या डिशना, असा क्रम ठेवावा. सातारा-सांगली हा साखर कारखान्यांचा पट्टा असल्याने चिपाडाला इथे तोटा नाही.

धुण्याच्या पाण्याचा आक्षेप पाचगणीत हलक्याने घेता येत नाही. गावाचे पाणी महाबळेश्वरच्या वेण्णा तलावातून येते आणि उन्हाळ्यात, नेमक्या पर्यटनाच्या हंगामात, त्याची चणचण भासते. पण बाटलीबंद पाणी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या विहिरीतले पाणी ट्रकने घाट चढवून आणणे, हेही हिशेबात धरावे लागते. सभेत वीस-पंचवीस पेले विसळायला लागणारे पाणी फार नसते. निवासी शाळांच्या भोजनगृहांत शेकडो ताटे रोज धुतली जातात, त्या गावात सभागृहाची भांडी धुणे अशक्य म्हणता येणार नाही. स्टीलचा पेला तयार करताना ऊर्जा अधिक लागते, हा मुद्दाही बरोबर आहे. तो शेकडो वेळा वापरला तरच हिशेब जुळतो. म्हणून भांडी घेऊन कपाटात ठेवणे हा अपव्ययच ठरेल. त्यांची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे, धुण्याच्या मोबदल्यासह, नेमून द्यावी लागेल. प्लास्टिकची सोय आजवर स्वस्त वाटली, कारण ती उचलण्याचा खर्च स्वच्छता कर्मचाऱ्याच्या पाठीवर आणि वेगळ्या लेखाशीर्षात पडत होता.

अपवाद मात्र आधीच लिहून ठेवावेत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत घरे पाण्यात होती आणि पिण्याचे पाणी बंद बाटल्यांतूनच पोहोचवावे लागले. अशा वेळी प्लास्टिकचा विधिनिषेध ठेवणे अमानुष ठरेल. दवाखान्यातील जैववैद्यकीय कचऱ्याच्या रंगीत पिशव्या आणि स्वच्छता कर्मचाऱ्यांचे हातमोजे यांनाही काट लावता कामा नये. नेमके अपवाद लिहिले की ‘अडचण होती’ ही मोघम सबब उरत नाही. नियमाला ठरावाचा आधार देणेही तितकेच गरजेचे आहे. मुख्याधिकारी बदलून जातात, आणि २०२१-२२नंतर राज्यातल्या अनेक नगरपरिषदा निवडणुका लांबल्यामुळे दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. एका अधिकाऱ्याच्या तळमळीने आलेला स्टीलचा पेला त्याच्या बदलीबरोबर जाऊ नये, यासाठी अट ठरावात आणि निविदेच्या नमुन्यात बसली पाहिजे, आणि वार्षिक लेखापरीक्षणात तिची तपासणी झाली पाहिजे. पाचगणीच्या कोणाही नागरिकाला पालिकेच्या चहापानाची, मंडपाची आणि फलकांची देयके माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.