घरात गॅस आला, तरी चूल का विझत नाही? समजून घ्या उज्ज्वला आणि अन्नपूर्णा योजनेचं गणित

परभणी जिल्ह्यातला पाथरी तालुका कापसाच्या पट्ट्यात येतो. वेचणी संपली की शेतातल्या पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी रचून ठेवल्या जातात. जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या असतातच. या सरपणाला रोख पैसे लागत नाहीत, सिलिंडरला लागतात. चूल आणि गॅसमधला खरा फरक इथेच आहे.

चुलीची किंमत मात्र वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

उज्ज्वला योजनेत काय मिळतं?

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियातून सुरू झाली. गरीब कुटुंबातल्या प्रौढ महिलेच्या नावावर, अनामत रक्कम न घेता गॅसजोडणी दिली जाते. आठ कोटीवी जोडणी मराठवाड्यातच, औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) ७ सप्टेंबर २०१९ रोजी देण्यात आली.

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या 'उज्ज्वला २.०'मध्ये पहिलं सिलिंडर आणि शेगडीही मोफत आहे. स्थलांतरित कुटुंबांना रेशन कार्ड किंवा पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देता येतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही सवलत महत्त्वाची आहे.

मग अडतं कुठे?

दुसऱ्या सिलिंडरपाशी. 'कॅग'च्या २०१९ च्या अहवालानुसार, उज्ज्वलाचे लाभार्थी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर घेत होते. सरकारी आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये ही सरासरी साधारण साडेचारवर गेली. म्हणजे एक सिलिंडर जवळपास पावणेतीन महिने पुरवायचं. अनेक घरांत मग चहा आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर, तर भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर अशी वाटणी होते.

सिलिंडरवर किती अनुदान आहे?

उज्ज्वला लाभार्थ्यांना मे २०२२ पासून प्रति सिलिंडर २०० रुपये मिळू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३०० रुपये झाली. २०२५-२६ साठी वर्षाला नऊ सिलिंडरची मर्यादा ठरवण्यात आली.

त्यावर राज्य सरकारने २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना' आणली. यात वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेच्या पात्र लाभार्थ्यांना हा लाभ आहे. मात्र जोडणी महिलेच्या नावावर आणि १४.२ किलोच्या सिलिंडरची हवी. एका रेशन कार्डावर एकच लाभार्थी आणि एका महिन्यात एकाच सिलिंडरचं अनुदान, असा नियम आहे.

'मोफत' म्हणजे नेमकं काय?

सिलिंडर घेताना पूर्ण किंमत आधी भरावी लागते, पैसे नंतर बँक खात्यात येतात. समजा सिलिंडर ८३० रुपयांचं आहे. उज्ज्वलाचे ३०० आणि राज्याचे ५३० रुपये मिळून पूर्ण रक्कम परत मिळते. पण सिलिंडर दारात येतं तेव्हा ८३० रुपये हातात असावे लागतात. जूनमध्ये बी-खताला पैसे लागतात, तेव्हा शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांना नेमकी हीच रक्कम जड जाते.

काय तपासावं?

बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि गॅस एजन्सीकडे ई-केवायसी झालं आहे का, हे आधी पाहावं. यातलं काही राहिलं असेल, तर अनुदान अडकू शकतं. एकदा अनुदान अडकलं की पुढचं सिलिंडर लांबतं आणि घर पुन्हा पऱ्हाट्यांकडे वळतं.